सोडलेल्या जागेची किल्ली

बंद दार दिसलं की रायली केत्तुकांगस त्याची मूठ फिरवून पाहिल्याशिवाय पुढे जात नाही. फिनलंडमधल्या ओउलू शहरात ब्राउझर बनवणाऱ्या एका छोट्या कंपनीत तिला पगार मिळतो तो याच खोडीचा. ब्राउझरला ती दिवसभर वेडीवाकडी, अर्धीमुर्धी पानं खायला घालते आणि तो कधी ओकतो याची वाट बघत कॉफी पिते. नवरा म्हणतो, "लग्नाआधी मलाही असंच पारखलंस."

या आठवड्यात ब्राउझर ओकला. टॅब बंद केला की त्याची मेमरीतली जागा तो मोकळी करायचा आणि नंतर विसरून पुन्हा तिथंच जायचा. मधल्या वेळात तिथं एखादा चोर ठाण मांडून बसला, तर ब्राउझर त्याचंच ऐकणार आणि लोकांचे पासवर्ड त्याच्या खिशात.

"नुसता बंद पडतोय गं," साहेब इल्पो म्हणाला. "लोक परत उघडतील. सोमवारी नवी आवृत्ती जाणार म्हणजे जाणार."

"अरे, त्या जागेत कुणीही बसू शकतं!"

"कोण बसलंय? दाखव."

ते दाखवायला दोन आठवडे लागले असते. लाखो लोकांची दारं उघडी टाकून हा बाबा निवांत झोपणार, म्हणून रायली घरी आली ती धुमसतच.

शुक्रवार होता. त्यांच्या इमारतीच्या तळघरात सौना, म्हणजे वाफेने अंग शेकायची खोली आहे. आठवड्यातला एकेक तास एकेका घराचा. साहेब इल्पोही याच इमारतीत, वरच्या मजल्यावर राहतो; त्याने घरातच सौना बसवला आणि गेल्या महिन्यात आपला सहाचा तास सोडला. वर्षानुवर्षं वाट पाहणाऱ्या रायलीला तो मिळाला. तिने तापल्या दगडांवर पाणी ओतलं, डोळे मिटले. तेवढ्यात दार उघडलं. कमरेला पंचा, हातात बिअर, शीळ घालत इल्पो आत!

"अगं आई गं! तू इथं कशी?"

"माझा तास आहे. तू सोडलास ना?" रायलीने बादली पुढ्यात ओढली.

"पाय आपोआप आले गं. किल्लीही लागली."

"जागा सोडली, किल्ली ठेवली आणि आत कोण बसलंय ते न बघता घुसलास. नशीब तुझं, मीच होते."

इल्पोचे कान लाल झाले, वाफेने नसावेत.

"म्हणजे... आपला ब्राउझर हेच करतो?"

"अगदी हेच. फक्त तो पंचाही नेसत नाही."

इल्पोने किल्ली बाकावर ठेवली. "आवृत्ती थांबवतो. दोन आठवडे घे," असं पुटपुटत तो मागच्या मागे बाहेर सटकला.

जरा वेळाने दारावर टकटक झाली.

"रायली, माझी बिअर आत राहिली गं."

"जागा ज्याची, माल त्याचा!" आतून उत्तर आलं.