ग्रहण सुटल्यावर फटफटीची अंघोळ

नवी फटफटी घेतलेला पोरगा भेटला की मी त्याला एकच विचारतो, घरी पोचल्यावर काय करतोस? तो ऐटीत सांगतो, धुतो, पुसतो. मग माझं डोकं फिरतं. अरे गाढवा, घरी पोचल्यावर काहीएक करायचं नसतं. सावलीत उभी करायची आणि तिच्या वाटेला जायचं नाही. इंजिनावर तळहात टेकवता आला तरच बादली उचलायची. पोरं हसतात, म्हातारा फार बडबडतो म्हणतात. हसोत बापडी.

या गाडीच्या इंजिनाला गार ठेवायला फक्त वारा असतो. सिलिंडरभोवती बिडाच्या, म्हणजे ओतीव लोखंडाच्या, पातळ चकत्या असतात, एकावर एक. गाडी पळते तेव्हा वारा त्यांच्यातून घुसतो आणि ताप घेऊन जातो. म्हणून चकत्यांत चिखल साचू द्यायचा नाही, गाडी गार असताना काडीने खरवडून काढायचा. तेल रोज सकाळी बघायचं. आणि गर्दी फार असली तर हट्ट सोडायचा, इंजिन बंद करून गाडी ढकलत न्यायची. रांगणाऱ्या गाडीला वारा मिळत नाही. एवढी विद्या मी काशीत शिकलो, इंग्रजांच्या अमदानीत. निम्मी छावणीतल्या मिस्त्रीच्या शिव्या खाऊन. उरलेली निम्मी आमच्या काकांनी शिकवली, ज्यांनी उभ्या जन्मात फटफटीला एकदाच हात लावला, आणि तोही एका बोटापुरता.

आमचं घर रामघाटाच्या वरच्या गल्लीत, मराठी भिक्षुकांच्या वस्तीत. वडील मी लहान असतानाच गेले आणि त्यांचे धाकटे भाऊ, हे काका, घराचे मालक झाले. घरात त्यांची वेदपाठशाळा होती. आई विधवा, केशवपन केलेली, लाल अलवणात. पहाटे घाटावरून गंगेच्या घागरी आणायच्या आणि सगळ्या पाठशाळेचा स्वयंपाक सोवळ्यात करायचा, हा तिचा जन्म. काका तिला वहिनी म्हणत, अहो-जाहो करत. आवाज चढवून बोलल्याचं मला आठवत नाही. एकदा ती तापाने फणफणली होती, तेव्हा स्वयंपाकघराच्या दारात उभे राहून म्हणाले, "वहिनी, तो चुलीचा ताप असेल, चुलीपुढेच उतरेल." ती उठली आणि तिने भात टाकला. मी त्या माणसाचा द्वेष करायला लागलो तो त्या दिवसापासून.

फटफटी मला दक्षिणा म्हणून मिळाली. छावणीतल्या एका पाद्र्याला मी संस्कृत शिकवत होतो. तो विलायतेला परत निघाला तेव्हा म्हणाला, गुरूला रिकाम्या हाताने सोडवत नाही, ही घे. घरात गहजब झाला. म्लेंच्छाची वस्तू, त्यावर चामड्याची गादी. शेवटी काकांनी निवाडा दिला की गाडी देवडीत राहील, पण बाहेरून आली की आई दर्भाने गंगेचे चार थेंब तिच्यावर शिंपडेल आणि मगच ती उंबऱ्याच्या आत येईल. माझी हरकत नव्हती. चार थेंबांनी गाडीचं काय बिघडणार.

त्याच सुमारास पलीकडे, रामनगरच्या बाजूला, सडकेचं मोठं काम निघालं. तिथल्या इंजिनिअर साहेबाला असा एक ओव्हरसियर हवा होता की ज्याची स्वतःची फटफटी आहे, कारण दिवसभर सडकेच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत हिंडायचं होतं. बरोबर दोन खोल्यांचं क्वार्टर. मी आईला म्हटलं, "तिथे तू आणि मी. दोघांचाच स्वयंपाक."

ती तांदूळ निवडत होती. म्हणाली, "दोघांचा अंदाज मला यायचा नाही रे आता. फार उरेल."

"उरू दे."

ती हसली. तिला हसताना बघून बरीच वर्षं झाली होती. मला दुसरं काही नको होतं, तिला त्या चुलीपासून उठवायचं होतं.

काकांना हे कळल्यावर ते रागावतील असं वाटलं होतं. ते रागावले नाहीत. एका संध्याकाळी देवडीत येऊन माझ्याशेजारी बसले आणि गाडीबद्दल विचारायला लागले. काका न्यायशास्त्राचे पंडित, डोकं तल्लख. हे काय, ते काय, इथे ताप का होतो, तो जातो कुठे. आणि मी खुळा, खूश झालो. जन्मात पहिल्यांदा त्या माणसाने माझ्याकडून काही ऐकून घेतलं होतं. मी सगळं सांगितलं. सर्वांत मोठी काळजी कोणती, तेही सांगितलं: तापल्या इंजिनावर गार पाणी पडता कामा नये. कंदिलाच्या तापल्या काचेवर थेंब पडला की काच जाते, तसं.

काकांनी थोडा विचार केला. "म्हणजे बाहेरचं बीड एकदम आकसतं, आतलं तापलेलंच राहतं, आणि मधे तडकतं."

"अगदी बरोबर."

"चार थेंबांनी नाही तडकत."

"चार थेंबांनी नाही. घागरभर ओतलं तर."

"हं," म्हणाले आणि संध्येला उठले.

साहेबाने भेटायला बोलावलं तो दिवस नेमका सूर्यग्रहणाचा होता. साहेबाला काय त्याचं. ग्रहणात घराबाहेर पडलो म्हणून काकू तोंडाला पदर लावून बघत राहिली. काका मात्र जपमाळ ओढत राहिले. रामनगरला साहेबाने गाडीला फेरी मारून बघितलं, मला चालवायला लावलं आणि म्हणाला, उद्या सकाळी गाडीवर हजर व्हायचं, तुझ्यामागे दुसरा माणूस तयार आहे, त्याच्याकडेही गाडी आहे.

परतताना ग्रहण सुटलं होतं. गंगेवरच्या पिप्यांच्या तरंगत्या पुलापासून गावात शिरेपर्यंत नुसती माणसं. खेड्याखेड्यांतून स्नानाला आलेली, डोक्यावर गाठोडी, एकमेकांचे पदर धरून चाललेली. उतरून ढकलायलाही जागा नव्हती. पहिल्या गिअरमध्ये रांगत आलो. इंजिनातून जळक्या तेलाचा वास यायला लागला, पायांना धग लागत होती. गल्लीच्या तोंडाशी पोचल्यावर बंद केली आणि दारापर्यंत ढकलत आणली.

ग्रहण सुटलं की आमच्याकडे घरातली वस्तू न वस्तू धुतली जाई. भांडी, पाट, देवाची उपकरणी, सगळं बाहेर काढलेलं. आई ओलेत्याने घागरी आणत होती. मी दारातूनच सांगितलं, "आई, जमलं. उद्या सकाळी जायचं."

तिने घागर खाली ठेवली. ओले हात अलवणाला पुसले आणि लगबगीने आत गेली. काका ओट्यावर उभे होते.

"वा," ते म्हणाले. "पण ग्रहणात हिंडून आलास. आधी घाटावर जा, स्नान करून ये. आणि हे यंत्रही ग्रहणातलं. याला आज शिंपडून भागायचं नाही, धुवावं लागेल."

"धुवा. पण अर्ध्या तासाने, काका. आत्ता फार तापलंय."

"मला माहीत आहे. तूच शिकवलंस ना."

मी निर्धास्त झालो. घाटावर गेलो, त्या गर्दीत कशीबशी बुडी मारली आणि ओल्या पंचाने पायऱ्या चढून परत आलो.

गाडी दारात उभी होती, चिंब. शेजारी आई रिकामी घागर घेऊन. "बघ कशी लखलखीत धुतली," म्हणाली. खालच्या दगडावरचं पाणी अजून कोमट होतं. मी वाकून बघितलं. सिलिंडरवर वरपासून खालपर्यंत केसासारखी रेघ गेली होती. किक मारली. पाय अलगद खाली गेला, आत कसलाच अडसर नाही. पुन्हा मारली. पुन्हा तसंच.

"सुरू का होत नाही रे?" आईने विचारलं. तिला इंजिनातलं काही माहीत नव्हतं. सोवळ्यातल्या बाईशी इंजिनाच्या गोष्टी कोण करणार.

काका ओट्यावर जपाला बसले होते. डोळे न उघडता म्हणाले, "लोखंडच कच्चं असेल. म्लेंच्छाचं."

माळेला तर्जनी लावायची नसते, ती बाहेर ताठ राहते. काकांच्या त्या ताठ बोटाच्या टोकाला फोड आला होता, पांढरा, ताजा. मी तो बघितला आणि तेव्हा मला त्याचा अर्थ लागला नाही.

अर्थ लागला पानावर बसल्यावर. आई वाढता वाढता म्हणाली, "तू उगाच म्हणतोस भावोजींना तुझी पर्वा नाही. धुण्याआधी स्वतः बोट लावून बघितलं त्यांनी. चर्र वाजलं बघ. मग म्हणाले, घाला वहिनी, आत्ताच घाला, सगळी घागर एकदम. एवढं कोण करतं?"

मी पानावरून उठलो. काका ओट्यावर एकटेच होते. मी म्हटलं, "बोट दाखवा."

त्यांनी दाखवलं. लपवलंसुद्धा नाही. "पाणी कोणी घातलं?" त्यांनी शांतपणे विचारलं. मग स्वतःच म्हणाले, "वहिनींनी घातलं. घागर त्यांच्याच हातात होती. जा, सांग त्यांना, तुझं काय गेलं आणि कोणाच्या हातून गेलं ते. सांगवत असेल तर सांग."

त्या माणसाचा गळा धरावा असं वाटलं. हात वर गेलाही होता. आतून आईने हाक मारली, भात गार होतोय म्हणून, आणि मी परत पानावर जाऊन बसलो.

दुसऱ्या दिवशी नावेने आणि मग पायी रामनगरला गेलो. साहेबाने विचारलं, गाडी कुठे? तसलं सिलिंडर काशीत मिळणार नव्हतं, विलायतेहून यायला किती महिने लागतील कोण जाणे. दुसरा माणूस त्याच दुपारी कामावर लागला. मी पुढे श्राद्धांना काकांचा मदतनीस म्हणून हिंडलो. जळत होतो आतून, पण हिंडलो, कारण आई त्या घरात होती. फटफटी देवडीत गंजत पडली. काका येणाऱ्या-जाणाऱ्याला ती दाखवत, पुतण्याचं यंत्र म्हणून.

आई शेवटपर्यंत त्या चुलीपुढेच राहिली. अगदी हात कापायला लागले तोवर. अंथरुणाला खिळली तेव्हा एका दुपारी तिने मला जवळ बोलावलं. म्हणाली, "इतकी वर्षं विचारीन विचारीन म्हणते. त्या ग्रहणाच्या दिवशी मी गाडीवर पाणी घातलं ना. त्यानं तर काही बिघडलं नव्हतं ना रे?"

पलीकडच्या खोलीत काकांचा जप चालू होता. तो थांबला. त्यांनाही उत्तर ऐकायचं होतं.

"नाही ग," मी म्हणालो. "लोखंडच कच्चं होतं."

तिने डोळे मिटले, बरं वाटलं तिला. पलीकडे जप पुन्हा सुरू झाला.