बाबांच्या आवाजाची डिस्क

लातूरच्या डॉक्टरांनी स्वरयंत्र काढावंच लागेल असं सांगितलं, तेव्हा ऑपरेशनला नऊ दिवस उरले होते. त्या नऊ दिवसांत मी बाबांचा आवाज मोबाईलवर भरून घेतला.

बाबा रेणापूर तालुक्यातल्या एका खेड्यात जिल्हा परिषदेच्या शाळेवर मास्तर होते. वर्गात त्यांना छडी कधी लागली नाही, आवाजच पुरायचा. पण माझ्या हातात मोबाईल बघितला की संकोचायचे. "काय बोलू? भाषण करू का?" म्हणायचे. मी म्हटलं, रोजच्यासारखं बोला. मग ते मोठ्यानं पेपर वाचायचे, चहात साखर कमी पडली म्हणून सुनेला हाक मारायचे, शेजाऱ्याशी सोयाबीनचं बोलायचे. एका दुपारी अंगणात बसून त्यांनी एका जुन्या वर्गाची हजेरी तोंडपाठ म्हटली, पहिल्या नंबरापासून शेवटपर्यंत. मध्ये दोन नावांवर थांबले, "हे गेले" म्हणाले, आणि पुढचं नाव घेतलं. असं सगळं मिळून चार-साडेचार तासांचं झालं होतं.

ऑपरेशन झालं. गळ्याखाली श्वासासाठी भोक राहिलं, त्यात नळी. भावाच्या घरी तान्हं बाळ होतं, आई तर आधीच गेलेली, म्हणून बाबांना मी नांदेडला माझ्याकडे आणलं. नवरा सकाळी भोकरला नोकरीवर जायचा तो संध्याकाळी यायचा. दिवसभर आम्ही दोघंच. मी घरीच टायपिंगची कामं करते, शाळांच्या प्रश्नपत्रिका, लग्नाच्या पत्रिका. बाहेरच्या खोलीत माझं टेबल, आणि त्याला लागून बाबांची कॉट. पाठकोरे कागद शिवून मी त्यांना वही करून दिली होती. काही हवं असलं की ते त्यात लिहायचे. अक्षर अजूनही फळ्यावरच्यासारखं.

मोबाईल भरला म्हणून मी त्यांचं सगळं बोलणं बाहेरच्या हार्ड डिस्कवर घेतलं आणि मोबाईलमधून काढून टाकलं. ती डिस्क कायम कॉम्प्युटरच्या मागे जोडलेली असायची, माझी जुनी कामंही तिच्यातच. आणखी एक प्रत करून ठेवावी असं रोज मनात यायचं, रोज राहून जायचं. बाबांनी ते कधी ऐकायला मागितलं नाही. मीही लावलं नाही. त्यांच्यासमोर त्यांचा आवाज लावायचा धीर मला होत नव्हता.

सहामाही परीक्षेच्या तोंडावर कॉम्प्युटर बिघडला. बटण दाबलं की कंपनीचं चिन्ह यायचं आणि तिथंच अडकायचं. कधी पुढं जाऊन निळा पडदा यायचा, आपोआप बंद व्हायचा, पुन्हा चालू व्हायचा, पुन्हा बंद. मध्येच एखाद्या सकाळी मात्र काहीच न झाल्यासारखा सुरू व्हायचा, आणि मला वाटायचं, गेलं दुखणं.

आमच्या गल्लीच्या तोंडाशी एक दुरुस्तीचं दुकान आहे. पूर्वी रेडिओ, टेप दुरुस्त करणारे एक वयस्कर भाई आता कॉम्प्युटर बघतात. मी सगळ्या वायरी काढल्या, कॉम्प्युटरचा डबा उचलून त्यांच्याकडे नेला. त्यांनी उघडला, धूळ उडवली, रॅम खोडरबरनं घासून परत बसवली, आणि बटण दाबलं. लगेच सुरू झाला.

"ताई, मशीन तर चोख हाय तुमची," भाई म्हणाले.

घरी आणला, सगळं पूर्वीसारखं जोडलं. पुन्हा तेच चिन्ह, पुन्हा तिथंच थांबलेला. दुसऱ्यांदा नेला, तेव्हाही दुकानात एका फटक्यात चालू झाला. आता भाईंना माझ्या घरच्या विजेचा संशय आला. "अर्थिंग बघून घ्या." मी वायरमन बोलावला, बोर्ड बदलला. फरक पडला नाही. तिसऱ्या खेपेला त्यांनी आतलं सगळं पुसून नव्यानं टाकलं. तेही दुकानात चाललं आणि घरी अडकलं.

तीन आठवडे असे गेले. शाळांचे फोन यायचे. मी दिवसातून दहा-पंधरा वेळा कॉम्प्युटर बंद करून चालू करायची. एक मुख्याध्यापक फोनवर जे बोलले, ते मी अजून विसरले नाही.

त्याच दिवसांतली एक दुपार. मी खुर्चीत बसून त्या चिन्हाकडे बघत होते. बाबा कॉटवर उठून बसले होते आणि कॉटच्या लोखंडी दांडीवर बोटानं टकटक करत होते. थोडं थांबून पुन्हा टकटक. मला वाटलं, पाणी हवंय. पाणी दिलं. त्यांनी पेला बाजूला ठेवला आणि पुन्हा सुरू केलं, दांडीवर बोट आणि नजर माझ्या टेबलाकडे. वही पुढं केली. मी ती बघितलीसुद्धा नाही.

"बाबा, जरा गप्प बसता का!" मी ओरडले.

टकटक थांबली. मी काय बोलले ते माझ्या लक्षात यायला जरा वेळ लागला. बाबांनी वही मिटली, उशीखाली ठेवली आणि भिंतीकडे तोंड करून आडवे झाले. त्या संध्याकाळी नळी साफ करताना मी त्यांच्याकडे बघू शकले नाही. ते मात्र नेहमीसारखी मान वर करून बसले होते.

चार-पाच दिवसांनी भाई स्वतः घरी आले. म्हणाले, "दुकानात चालती आणि इथं न्हाई, म्हणजे दोष इथंच कुठंतरी हाय." खाली फरशीवर बसले आणि मागच्या वायरी एकेक काढू लागले. आधी प्रिंटर काढला, चालू करून बघितलं. अडकला. माऊस काढला, अडकला. मग ती हार्ड डिस्क काढली. कॉम्प्युटर सरळ सुरू झाला. त्यांनी डिस्क परत लावली. चिन्हावर थांबला. पुन्हा काढली, सुरू.

"दुकानात हिला कधी आणलंच नव्हतं तुम्ही," ते म्हणाले.

खरंच होतं. प्रत्येक वेळी मी फक्त डबा नेला होता आणि डिस्क टेबलावरच राहिली होती.

मग भाईंनी डिस्क जोडून हातात धरली, कानाला लावली. त्यांचा चेहरा बदलला. माझ्याकडे दिली. आतून टक्, टक्, टक्, असा बारीक आवाज येत होता.

"चालू होताना कॉम्प्युटर जोडलेलं सगळं वाचून बघतो. ही वाचू देईना, म्हणून तो हिच्यापाशी अडकून राहायचा. आत काही महत्त्वाचं हाय का?"

मी कॉटकडे बघितलं. बाबा ऐकत होते.

"चालू करत राहिलात ना, तेवढ्या वेळा ती आत घासत गेली असंल," भाई म्हणाले. "आता हात लावू नका तिला."

ते गेल्यावर मी बाबांच्या उशीखालची वही काढली. त्यांनी अडवलं नाही. त्या दुपारच्या पानावर लिहिलं होतं, "मशीनच्या मागून टकटक आवाज येतो. तू चालू केलं की येतो. बघ." त्याच्याही आधी, आठ-नऊ दिवसांपूर्वीच्या पानावर, जेवणाच्या आणि औषधाच्या ओळींच्या मध्ये एक ओळ होती, "मागे काही वाजतंय का?" तिच्यावर मी काय उत्तर दिलं होतं तेही आठवलं. पंखा असेल, म्हणाले होते.

डिस्क हैदराबादला पाठवली. तिथं अशा डिस्क उघडून बघणारे लोक आहेत. महिनाभरानं पार्सल परत आलं, सोबत एक लहान पेनड्राईव्ह. आतली तबकडी ओरखडली होती, जे वाचलं ते त्यांनी दिलं होतं. कुणाकुणाच्या लग्नपत्रिका होत्या, तीन वर्षांपूर्वीची सातवीची भूगोलाची प्रश्नपत्रिका होती. बाबांच्या बोलण्यातला एकच तुकडा वाचला होता, अर्ध्या मिनिटाचासुद्धा नाही. हजेरी नव्हती, पेपर नव्हता. बाबा खाकरतात, आणि म्हणतात, "चालू हाय का? का नुसतंच बोलून राहिलो मी?" मग माझं हसणं, लांब कुठंतरी कुकरची शिट्टी, आणि संपतं.

तो मी एकटीनं ऐकला. दोन दिवस लपवून ठेवला. तिसऱ्या दिवशी बाबांनीच वहीत लिहिलं, "हैदराबादचं काय झालं?" तेव्हा सांगितलं, आणि लावला. ते मान खाली घालून ऐकत होते. संपल्यावर मान वर केली. मग पेन घेतलं.

"आवाज तेव्हाच गेलेला की," त्यांनी लिहिलं. "मला वाटायचं बरा हाय."

"बाबा, माझ्यामुळं झालं हे," मी म्हटलं. "तुम्ही सांगत होता."

मला वाटलं, ते काहीतरी लिहितील, असू दे असं, किंवा रागावून दोन शब्द.  त्यांनी पेनाचं टोपण लावलं, वही बाजूला ठेवली. त्यांनी मला माफ केलं की नाही, ते मला तेव्हा कळलं नाही आणि विचारायचं धाडस पुढंही झालं नाही.

स्वरयंत्र काढलेल्यांना गिळलेल्या हवेनं बोलायला शिकवतात, त्यासाठी लातूरला दोन-चार वेळा गेलो. तिथं गळ्याला रुमाल बांधलेले चार-पाच जण गोल बसून एक, दोन, तीन म्हणत होते. बाबांनी एकदा प्रयत्न केला. ढेकरेसारखा जो आवाज निघाला तो ऐकून ते स्वतःच दचकले. परत येताना बसमध्ये त्यांनी लिहिलं, "हे नको." मी आग्रह केला नाही.

भावाचं बाळ जरा मोठं झाल्यावर बाबा गावी परत गेले. तिथं त्यांना ओसरी आहे, येणारे-जाणारे आहेत, त्यांच्या हाताखाली शिकलेली माणसं मास्तर म्हणून अजून पायाला हात लावतात. इथल्यापेक्षा ते तिथं बरे आहेत.

रविवारी मी फोन करते. वहिनी फोन त्यांच्या कानाला लावून देते आणि मी बोलायला सुरुवात करते. काय काम आलं, गोदावरीला किती पाणी आहे, भाजीला काय केलं. पलीकडून गळ्यातल्या भोकातून जाणाऱ्या श्वासाचा आवाज येतो, कधी बाळाचं रडणं, कधी रस्त्यावरचा ट्रॅक्टर. कुठं थांबायचं ते मला कळत नाही. बोलायचं सगळं संपलं तरी मी काहीतरी शोधून बोलत राहते. मग वहिनीच फोन घेते आणि म्हणते, "ऐकलं हां त्यांनी. ठेवू का आता?"