हम नहीं गए

बाबा निवृत्त झाले त्या हिवाळ्यात मी त्यांना झाशीच्या किल्ल्याची टेकडी दाखवणाऱ्या पायी सहलीला घेऊन गेले. बाकीची मंडळी पुण्याहून आलेली होती. बुरुजापाशी सत्तावन्नच्या उठावाबद्दल सांगताना गाइड म्हणाला, "गदर के बाद यहाँ के सारे मराठी लोग चले गए."

बाबा चारचौघांत फारसे बोलत नाहीत. तरी ते शांतपणे म्हणाले, "भैया, हम नहीं गए." मग त्यांनी खाली बड्या बाजारामागची आमची गल्ली दाखवली.

पुण्याच्या एका बाईंनी विचारलं, "परत जावंसं नाही वाटलं कधी?"

"परत म्हणजे कुठे?" बाबा म्हणाले. त्यांना खरंच प्रश्न पडला होता.

उतरताना मी त्यांना सांगितलं, की मी पुण्याला बदली मागितली आहे. ते म्हणाले, "जा. सुट्टीत घरी येत जा."