मामाजीचा छोटा लॅपटॉप

खोटं काऊन बोलू, मी माझ्या जावेवर जळत होती. ती एटापल्लीकडची. लग्न होऊन गोंडपिपरीत आमच्या घरी आली, तेव्हा घरात कम्प्युटर येणारी मी एकटीच. सासऱ्याले आम्ही मामाजी म्हणतो. ते जंगलखात्यातून रिटायर झालेले. छोट्याशा लॅपटॉपवर झाडांची नावं मराठीत अन् गोंडीत लिहून ठेवत. काही अडलं की मलेच हाक. मग ही आली. गोंडी तं तिची घरची बोली. आठ दिवसांत मामाजी तिले शेजारी बसवून नावं विचारू लागले, अन् मी दोघाईले चहा नेऊन देत राह्यली.

दिवाळीच्या आधी लॅपटॉप बंद पडला. नवीन सिस्टीम टाकावी लागणार होती. मामाजीची झाडांची यादी वेगळ्या मेमरी कार्डावर होती, तिची काळजी नव्हती. काळजी माझ्या मानाची होती. म्हटलं, आता दाखवतेच, या घरात कम्प्युटर कोणाले येते ते.

मैत्रिणीकडून पेनड्राइव्ह तयार करून आणला, लावला. लॅपटॉप सुरू होताना जी यादी दाखवते, तिच्यात त्याचं नावच नाई. दुसरा आणला, तेच. पेनड्राइव्ह लावाले जागा एकच, दुसरी कधीची मेलेली. दोन दिवस मी त्या डबड्याशी भांडली. जाऊ दारातून म्हणे, "ताई, मी पाहू का?"

"तू भात पाह्य," मी म्हटलं.

तिसऱ्या दिवशी मी भाजी निवडून परत आली, तं ती लॅपटॉप खिडकीच्या उजेडात धरून पेनड्राइव्हची जागा सेफ्टीपिननं कोरत होती. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. तेवढ्यात तिनं आतून काहीतरी काढून तळहातावर घेतलं. कुंकू लागलेला तांदूळ.

दसऱ्याले आमच्याकडे विळा, कुऱ्हाड, गाडी, सगळ्याईची पूजा होते. लॅपटॉपची मीच केली होती, मोठ्या मिजाशीत. कुऱ्हाडीजवळ एका कडेवर उभा टेकवला, पेनड्राइव्हची जागा वर आली, अन् वरून मूठभर अक्षता टाकल्या.

पेनड्राइव्ह लागला, सिस्टीम बसू लागली. मामाजी आत आले, कोणं जमवलं म्हणून विचारलं. जावेनं मूठ मिटली.

"ताईनं," ती बोलली.

"मले माहीतच होतं," मामाजी खूश होऊन बोलले. मी नाई म्हणायले पाहिजे होतं. मी मान हलवली.

आताही काही बिघडलं की मामाजी मलेच बोलावते. मी लॅपटॉप घेऊन मागच्या अंगणात जावेकडे जाते, ती नीट करून देते. ती कधी कोणाले सांगत नाई. तिनं सांगितलं असतं, तं मी तिच्याशी भांडली तरी असती.