लिफ्टच्या टपावरचे डबे

मामा छिन्नी-हातोडी घेऊन मटारच्या डब्यावर तुटून पडला होता. घरात ओपनर नव्हता असं नाही, पण तो कुठे असतो हे फक्त मामीला माहीत होतं. आणि मामी गेल्या हिवाळ्यात गेली ती ओपनरची जागा न सांगताच. मग उरली हत्यारांची पेटी. लिफ्ट मेकॅनिक माणूस, आख्ख्या गावाला वर-खाली नेणारा, त्याला एक टिनचा डबा जुमानत नव्हता. शेवटी एक घाव बसला आणि आतलं खारं पाणी थेट चष्म्यावर उडालं.

संध्याकाळी त्याची मोठी ताई जेवायला येणार होती. जेवायला म्हणजे तपासणीला. मामी गेल्यापासून तिचा एकच धोशा: तुला एकट्याला जमायचं नाही, चल माझ्याकडे. तिच्याकडे म्हणजे तिच्या मुलाकडे. या भाच्याने मामासाठी प्रेमाने जागा काढून ठेवली होती. पॅसेजमध्ये, कपडे धुवायचं मशीन आणि चपलांचं कपाट यांच्या मधोमध, एक घडीची खाट. मशीन सुरू झालं की खाट आपोआप हलणार, पाळण्याचे वेगळे पैसे नकोत. इतका विचार सख्खा भाचाच करू जाणे.

मामाने लई नाही-नाही केलं तेव्हा ताईने अट घातली. स्वतः रांधून एक वेळ नीट जेवू घाल. मासे तुला तळता येतात, ते कौतुक नको, सोबत भाजी पाहिजे. जमलं तर राहा इथेच, नाही तर बॅग भर.

मामाने फोनवर छाती फुगवून सांगून टाकलं की ताजे मटार आणतो आणि स्वतः सोलतो. कारण डबाबंद भाजीचं नाव काढलं की त्याचं डोकं फिरायचं. बिल्डिंगमध्ये कोणाच्या पिशवीत असा डबा दिसला, की लिफ्टमध्ये त्या माणसाची सुटका नाही. मटार खावेत तर माझ्या ताईच्या हातचे, आईबाप गेल्यावर तिनेच मला वाढवलं, कामावरून दमून यायची तरी ताजे मटार सोलून घालायची. मजले संपायचे, मामा संपायचा नाही.

आणि नेमकी त्याच दिवशी दवाखान्यातली लिफ्ट रुसली. आत अडकलेले मोठे डॉक्टर, बाहेर फुकट सल्ला देणारे पायलीचे पन्नास. मामाने ती सोडवेपर्यंत बाजार उठला होता. कोपऱ्यावरच्या दुकानात ताजं म्हणावं असं फक्त दुकानदाराचं कुत्सित हसू होतं. मटार, मका, गाजर, सगळी मंडळी डब्यात बसलेली. मामाने एकेक उचलला आणि चोरीचा माल आणावा तशी पिशवी पोटाशी धरून घरी आणली.

हातोडीचा आवाज ऐकून समोरच्या दारातली नर्स डोकावली. डब्यांवरून मामाने सगळ्यात जास्त कोणाला ऐकवलं असेल तर हिलाच. तिने ओट्यावर नजर टाकली आणि दाराच्या चौकटीला आरामात टेकून उभी राहिली.

"काय मामा, मटार सोलताय वाटतं?"

"टोमणे नंतर मार. आधी सांग, याचं करायचं काय?"

पोरगी मनाने चांगली, म्हणून सांगितलं. डब्यातलं पाणी ओतून टाका. दाणे धुवा आणि फडक्यावर पसरून कोरडे करा, ओले टाकलेत तर लगदा होईल. कढई सणसणीत तापवा. लोणी, मग मका आणि गाजर, त्यांना जरा डाग पडू द्या. मटार नंतर, लसूण त्याच्याही नंतर, वरून मिरपूड आणि लिंबू. मिठाला चाखल्याशिवाय हात लावायचा नाही, ते पाण्यातून आलेलंच असतं. एवढं सांगून ती आवरायला गेली. मासे तळून होईपर्यंत भाजी झालीसुद्धा.

मामाने चमचाभर चाखली आणि त्याला फार वाईट वाटलं. भाजी चांगली झाली होती. जन्मभराची भाषणं एका घासात पाण्यात. चव कुठेतरी ओळखीचीही वाटली, पण त्याने तोंड पुसलं आणि तो विषय तिथेच मिटवला.

आता रिकामे डबे. ताई कोणाच्याही घरात शिरली की देवासारखं आधी कचऱ्याच्या बादलीचं दर्शन घेते. खाली टाकायला जावं तर ती फाटकातच भेटायची. मग मामाचं डोकं त्याच्या धंद्याच्या वाटेने चाललं. लिफ्ट एक मजला खाली उभी होती. त्याने आपल्या मजल्याचं दार मेकॅनिकच्या किल्लीने उघडलं, डबे केबिनच्या टपावर ठेवले आणि दार लावून घेतलं. तिथे कोण बघणार? कोणीच नाही. फक्त लिफ्ट चालते, एवढी बारीकशी गोष्ट लिफ्ट मेकॅनिक विसरला.

थोड्याच वेळात ताईने खालून बटण दाबलं. लिफ्ट गेली ती खडखडत, आली ती खडखडत. ताई बाहेर पडली तीच वर बघत.

"बाळ, हिच्या डोक्यात काय वाजतंय रे?"

या बिल्डिंगची लिफ्ट मामाच सांभाळायचा. कडेवरचं झोपलेलं पोर जागं होणार नाही अशी चालते, असं तो छातीठोक सांगायचा. मामीची आठवण निघाली तरी न डगमगणारा माणूस इथे चष्मा पुसत म्हणाला, "जुनी झालीय. कोणी लक्ष देत नाही." ड्युटीवर निघालेली नर्स मागे उभी होती, तिला एकदम खोकला आला.

ताईने बादली पाहिली. चकचकीत.

"मटारच्या साली कुठायत?"

सालींचा विचार मामाने केलाच नव्हता. आयुष्यात मटार सोलला असता तर केला असता. तो म्हणाला, टाकून आलो. ताईने हूं केलं आणि पानावर बसली. माशाकडे तिने फारसं पाहिलं नाही. भाजी मात्र हळूहळू खाल्ली, मध्येच थांबली, पुन्हा खाल्ली, आणि ताटली पुढे केली. मामाने वाढली. चार दाणे टेबलावर सांडले. तेही तिने वेचून खाल्ले.

"मीठ बरोबर पडलंय," ती उठताना म्हणाली. "राहा इथेच. त्या खाटेवर इस्त्रीचे कपडे ठेवू."

ती लिफ्टने खाली गेली. खडखडाट तळापर्यंत ऐकू आला आणि थांबला. मामा मात्र लगेच हलला नाही, दाराला कान लावून बराच वेळ उभा होता.

पुढचं फार नंतर कळलं, तेही ताईनेच एकदा नर्सला सांगितलं म्हणून. तिने जन्मात मटार सोलले नव्हते. कारखाना सुटायचा तोवर बाजार उठलेला असायचा, म्हणून ती डबेच उघडायची. धाकट्याला कळू नये म्हणून रिकामे डबे पत्र्याच्या पाण्याच्या टाकीवर ठेवून द्यायची. वारा सुटला की ते वाजायचे. बाळ विचारायचा, ताई, वर काय वाजतंय? ती सांगायची, टाकी जुनी झालीय.