डावीकडचे त्रिकोण

मास्तरांनी भिरकावलेलं ताट भिंतीवर आदळलं आणि भाजीचा रस ओघळत फरशीपर्यंत आला.

"अर्धपोटी ठेवतेस मला!" ते ओरडले. "आजारी माणसाच्या तोंडचा घास काढताना लाज नाही वाटत?"

बायको बाजूलाच उभी होती. भिंतीवरून ओघळत होतं ते ताटाच्या डाव्या अर्ध्यातलं, बोटसुद्धा न लागलेलं जेवण होतं. उजवीकडचं मास्तरांनी चाटूनपुसून खाल्लं होतं.

राग मास्तरांच्या नाकावर आजारपणाच्या आधीपासूनच होता. धाकटा भाऊ मशीनवर, बायको काज-बटणाला आणि कापायच्या टेबलावर मास्तर, असं त्यांचं शिंप्याचं दुकान. टेबलाजवळ कुणी मोठ्याने खोकलेलंही त्यांना खपायचं नाही. एका दुपारी त्याच टेबलावर बाही कापता कापता ते खाली कोसळले. मेंदूतली नस तुंबली होती. दवाखान्यातून घरी आले तेव्हा चालत होते, बोलत होते, उजवा हात पहिल्यासारखा होता, नजरही चांगली होती. पण डावीकडेही जग असतं हे त्यांचा मेंदू साफ विसरला होता. बरं, काही विसरलोय हेसुद्धा त्यांना कळत नव्हतं. एकाच गालाची दाढी करून उठायचे आणि वर हात फिरवून म्हणायचे, "काय गुळगुळीत झालीय."

दवाखान्याने सराव करून घ्यायला एक मुलगी पाठवली. तिने खोलीत डाव्या टोकाला एक लाल पट्टी चिकटवली आणि विचारलं, "काका, तुमच्या कामात कुठला आकार सारखा येतो?"

"काका नाही. मास्तर म्हण," मास्तर गुरकावले. "त्रिकोण. कॉलरचं टोक, खिशाचं टोक, बगलेतली कळी. खडूसुद्धा तिकोनीच असतो. का?"

"मग रोज आजूबाजूचे त्रिकोण शोधायचे. सुरुवात त्या लाल पट्टीपासून."

मास्तरांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "मी काय बालवाडीत बसलोय? अर्ध्या गावाला कपडे घातलेत मी!"

पण पोरगी चिवट निघाली. ती बसूनच राहिली. शेवटी तिला घालवायचं म्हणून मास्तरांनी धडाधड सांगून टाकलं. खुंटीवरचा हँगर, फळीखालचा टेकू, दुमडलेल्या वर्तमानपत्राचा कोपरा, घडीच्या शिडीच्या दोन पायांमधली जागा. सगळे उजवीकडचे.

"आणि डावीकडे?"

"डावीकडे काही नाही."

"खिडकी आहे, मास्तर. समोरच्या घराचं छप्पर दिसतंय."

"त्या भिंतीला खिडकी कधीच नव्हती! लग्न झाल्यापासून राहतोय मी इथे!"

मुलीने उठून खिडकीची झडप आपटली. त्या आवाजाने मास्तरांची मान वळली. खिडकी होती. छप्परही होतं, चांगलं टोकदार. ते बायकोवर डाफरले, "तुम्हा दोघींचं काहीतरी शिजतंय."

या पोरखेळाला वैतागून ते एक दिवस कुणाला न सांगता दुकानात गेले. भाऊ त्यांच्या टेबलाशी त्यांचीच कात्री घेऊन उभा होता. मास्तरांनी ती हिसकावून घेतली. एक जुनं गिऱ्हाईक नुकतंच कापड देऊन बाकावर टेकलं होतं. मास्तरांनी टेबलावर कापड पसरलं, टेप लावली आणि तोंडाचा पट्टा सुरू केला.

"एवढ्यात शर्ट होतो? कापड चोरून आणायचं आणि मग शिंप्याने खाल्लं म्हणून बोंबलायचं! ओळखून आहे मी!"

गिऱ्हाईक चाट पडलं. ते उठलं, टेबलाच्या डाव्या कडेवरून खाली लोंबणारं कापड उचललं आणि मास्तरांच्या पुढ्यात ठेवलं. शर्ट होऊन वर उरेल एवढं होतं.

"हे तू आत्ता ठेवलंस," मास्तर म्हणाले.

भावाने गिऱ्हाइकाची माफी मागितली. मग त्याने मास्तरांच्या मुठीतून कात्री सोडवली, एकेक बोट उलगडून. "दादा, घरी जा."

"माझ्या दुकानातून मला हाकलतोस? तुला सुईत दोरा ओवायला कुणी शिकवलं रे?"

शब्दाने शब्द वाढला. मास्तर घरी आले ते भावाचं तोंड बघणार नाही असं ठरवूनच.

मुलीने पुढे बाहेरचे त्रिकोण शोधायला सांगितले. बायको त्यांना रोज बागेत नेऊन बाकावर बसवायची. मास्तर रडतखडत मोजायचे. चिमणीची चोच, पानांची टोकं, दोन फांद्यांमधली बेचकी. एका संध्याकाळी समोरच्या कठड्यावर मांजर येऊन बसलं.

"तो बघ मांजराचा कान. काळा त्रिकोण. झालं समाधान?"

"एकच?" बायकोने विचारलं.

"एकच आहे. दुसरा कुत्र्याने तोडलाय."

"अहो, दोन्ही शाबूत आहेत."

"मला दिसतंय ना!"

तेवढ्यात मांजर उठलं आणि पाठमोरं होऊन बसलं. मास्तर बघतच राहिले. आता तिथे पांढरा कान होता. मघाचा काळा गेला कुठे? ते पुढे वाकले. एकच कान, पण भलताच. मांजर तेच होतं. कुणी काही हलवलं नव्हतं, कुणी काही लपवलं नव्हतं. मग त्यांनी बाकावर मूठ आपटली, पुन्हा आपटली.

"कुठे उलथलीस? ऐकतेस का?"

"इथेच आहे!" डावीकडून आवाज आला, एवढा मोठा की मांजर पळालं. "महिनाभर तेच विचारताय, कुठे उलथलीस, कुठे मेलीस! दुकानात बसायची तशी तुमच्या डाव्या अंगालाच बसतेय मी! मेले नाही अजून! वळवा मान!"

बायको एवढ्या मोठ्याने बोलते हे त्यांना माहीतच नव्हतं. त्यांनी मान वळवली. दुखेपर्यंत वळवली. आधी तिचा खांदा दिसला, मग रागाने थरथरणारी हनुवटी, मग चष्मा. चष्म्याची काडी मोडली होती आणि दोऱ्याने बांधली होती.

"हे कधी झालं?"

"ताट भिरकावलंत तेव्हा. मला लागून मग भिंतीवर गेलं ते."

ती उठून त्यांच्या पुढे घराकडे चालू लागली, वाट अडवलेलं पोरांचं टोळकंही तिने ओरडून हटवलं.

त्या दिवसापासून मास्तर त्रिकोणांच्या मागे हात धुवून लागले. आवड म्हणून नव्हे, सूड म्हणून. लाल पट्टीपासून सुरुवात करायचे आणि एकेक त्रिकोण शिवी घालून बाहेर काढायचे. छप्पर, रस्त्यावरची धोक्याची पाटी, कोळ्याच्या जाळ्याचा कोपरा, जिन्याखालची अंधारी जागा. जेवताना ताट स्वतःच फिरवून घ्यायचे. सराव घेणाऱ्या मुलीशी कडाकडा भांडायचे, पण ती यायच्या वेळेला दोन्ही गालांची दाढी करून बसलेले असायचे.

डावी बाजू पूर्ण परत आली नाही. मान वळवली तर असायची, नाही वळवली तर नसायची. कात्रीही परत मिळाली नाही. बायकोच त्यांना पुन्हा दुकानात घेऊन गेली आणि दिराला म्हणाली, "यांना काम द्या, नाहीतर मीच जाते कुठेतरी." भावाने तयार शर्ट तपासायला दिले. पहिल्याच शर्टावर मास्तर कडाडले.

"कॉलरचं टोक खाल्लंस! हे काय शिवणं झालं?"

"दादा, मान," भाऊ दातओठ खात म्हणाला.

मास्तरांनी मान वळवली. टोक जागेवर होतं, उजवीकडच्या टोकाच्या बरोबरीचं, एक टाका इकडे नाही की तिकडे नाही. दुकानातली मशीन थांबली होती. बायकोने सुई अधांतरी धरली होती.

"चुकलो!" मास्तर एवढ्या जोरात गरजले की दारातलं गिऱ्हाईक एक पायरी खाली उतरलं. "चुकलो म्हणालो ना! तोंड काय बघताय? पुढचा दे!"

भावाने पुढचा शर्ट मुद्दाम त्यांच्या डाव्या हाताला ठेवला. मास्तरांनी त्याला एक सणसणीत शिवी हासडली आणि मान वळवली.