मंगळवारी चार वाजता

सुधारगृहातून सुटलेल्या पोरांना घरी पोचवणं हे मावशीचं काम. सगळेच तिला मावशी म्हणत. मी तिचा गाडीवाला, मीही म्हणायचो. बावीस वर्षांत तिने शंभरावर पोरं घरी नेली आणि त्यातली बरीच टिकली. मी जन्माचा कुरकुऱ्या, पण हे मान्य करावंच लागेल.

तिची एक पद्धत होती. पोरगा सुटायच्या आठ दिवस आधी ती त्याच्या गल्लीत दारोदार फिरायची आणि कोणत्या दिवशी, किती वाजता आणणार ते स्वतःच्या तोंडाने सांगून यायची. त्या दिवशी गाडी कोपऱ्यावर थांबवायची आणि पोराला घेऊन भरदिवसा घरापर्यंत चालत जायची. "चोरासारखा आत घुसवला, तर जन्मभर चोरच राहील," म्हणायची. लोक वाट्टेल ते बोलायचे, ती हसत ऐकून घ्यायची. भांडणारं घर बरं, गप्प घराची भीती, असं तिचं मत.

या वेळचा पोरगा सतरा वर्षांचा. दोन वर्षांपूर्वी भांडणात त्याने गल्लीतल्याच एका मुलाला ढकललं आणि तो जिन्यावरून पडून मेला. मेलेल्याच्या थोरल्या भावाचं कोपऱ्यावर वेल्डिंगचं दुकान. मावशी तिथेही सांगायला गेली. मी गाडीतून बघत होतो. भावाने स्टूल पुसून पुढे केलं, पाणी दिलं.

"मंगळवारी चार ना? नक्की चार?" त्याने दोनदा विचारलं.

त्या दिवशी गल्लीत कुणीच भांडलं नाही. परतताना मी म्हटलं, "मावशी, फारच गोड बोलले सगळे."

"तुला मेल्याला गोडही कडूच लागतं," ती म्हणाली.

मंगळवारी पोरगा आईने पाठवलेला नवा शर्ट घालून मागे बसला होता. सारखी कॉलर नीट करत होता. "आई दारातच असेल ना?" त्याने तीनदा विचारलं. तिन्ही वेळा मावशी हो म्हणाली.

चारला पाच कमी असताना कोपऱ्यावर पोचलो. दुकान बंद होतं. पायरीवर थोरला भाऊ आणि आणखी सहाजण बसलेले, कुणी कुणाशी बोलत नव्हतं. गल्लीत एकही मूल खेळत नव्हतं. खिडक्या मात्र बोटबोटभर उघड्या. मी इंजिन चालूच ठेवलं. एरवी त्यावरून मला झापणारी मावशी पायरीकडे बघत होती.

पोराने दार उघडलं, एक पाय खाली ठेवला.

तेवढ्यात त्याची आई अनवाणी धावत आली. गाडीपासून दहा पावलांवर थांबली आणि सगळ्या गल्लीला ऐकू जाईल अशी ओरडली, "घेऊन जा त्याला! तोंड बघायचं नाही मला त्याचं! मला मेला तो!"

पायरीकडे तिची पाठ होती. ओरडताना तिने पोटाशी हात जोडले होते, मागच्यांना दिसू नयेत असे. पायरीवरचे सातही जण उठले.

मावशीने पोराला दंडाला धरून आत ओढलं. मी गाडी मागे घेतली, ती थेट मोठ्या रस्त्याला लागेपर्यंत थांबवली नाही.

मावशी म्हणाली, "बाळा, तुझा जीव वाचावा म्हणून ओरडली ती. ती माणसं तुझ्यासाठी टपून बसली होती."

"मी चारला येणार हे त्यांना कुणी सांगितलं?"

"मीच सांगितलं रे," मावशी म्हणाली आणि रडायला लागली. इतक्या वर्षांत तिला रडताना मी कधी पाहिलं नव्हतं. मला तिचा राग आला होता, तो तिथेच विरला.

पोराचा विश्वास बसला नाही. "उगाच समजूत नका घालू. ती काय म्हणाली ते ऐकलंय मी." त्याने कॉलरचं बटण काढलं आणि खिडकीबाहेर बघत राहिला.

"मावशी, मला परत आतच सोडा," तो म्हणाला. "पाचच्या हजेरीला पोचेन."